मुंबईत राहून लांब पल्ल्याची नेमबाजी: कॅलिबर कोणतं घ्यावं?

डोंबिवलीच्या एका सत्तावीस वर्षांच्या नेमबाजाने विचारलंय: तीन वर्षं दहा मीटर एअर रायफल झाली, आता लांब पल्ल्याकडे वळायचं आहे. ६.५ क्रीडमोर, .३०८ विंचेस्टर की .३३८ लापुआ मॅग्नम? गावी आजोबांची .३१५ रायफल पडून आहे, तिच्यावर सराव केला तर चालेल का? आणि स्कोप कोणता घेऊ?

आधी उत्तर, कारणं मागाहून. तिन्हींपैकी एकही घेऊ नका. .२२ लाँग रायफल, म्हणजे रेंजवर सगळे जिला ‘पॉइंट टूटू’ म्हणतात ती, हातात घ्या आणि पन्नास मीटर प्रोनला, म्हणजे पोटावर आडवं पडून मारायच्या प्रकाराला, उतरा. तिथे वारा वाचता यायला लागला की तीनशे मीटरच्या बिग बोअरकडे, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या नेमबाजीकडे, बघा, आणि तेव्हा ६ मिमी बीआर नॉर्मा या काडतुसाचा विचार करा. हजार यार्ड मारायचेच असतील तर परदेशातल्या एखाद्या क्लबात, त्यांच्याच .३०८ने मारून या. आजोबांच्या .३१५ला तूर्तास हात लावू नका. ते का, ते शेवटी सांगते.

हे उत्तर बेचव लागणार, मला कल्पना आहे. मैलभर लांबची लोखंडी पाटी वाजताना व्हिडिओत ऐकली की पन्नास मीटर म्हणजे अंगणातला खेळ वाटतो. पण कागद-पेन घेऊन जरा हिशेब मांडा. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, तीनशे मीटर टार्गेटवर टेनच्या (दहा गुणांच्या) वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असतो. पन्नास मीटर रायफलच्या टार्गेटवर तो १०.४ मिलिमीटर. अंतराने भागलं की तीनशे मीटरचा टेन कोनाच्या हिशेबात सुमारे १.१५ मिनिटांचा भरतो आणि पन्नास मीटरचा जेमतेम ०.७ मिनिटांचा. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर तो साधारण २.९ सेंटिमीटर होतो. गोळीची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो, तेवढी सवलत दोन्हीकडे दिली तरी पन्नास मीटरचाच टेन बारीक राहतो. तुम्ही ज्याला जवळचं म्हणताय ते नेमाच्या दृष्टीने जास्त अवघड आहे.

वाऱ्याचंही तेच. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा पन्नास मीटरवर .२२ची गोळी सुमारे अडीच सेंटिमीटर ढकलतो. हाच वारा तीनशे मीटरवर ६ मिमी बीआरची १०५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) गोळी पंधरा ते अठरा सेंटिमीटर ढकलतो. कोनात बघितलं तर दोन्हीकडे पावणेदोन ते दोन मिनिटांचाच मामला आहे. म्हणजे तीनशे मीटरवर जी वाऱ्याची परीक्षा द्यायची आहे ती पन्नास मीटरवर .२२ घेऊन रोज देता येते, आणि तीही बिग बोअरच्या एका काडतुसाच्या किमतीत कितीतरी वेळा.

आता तुमच्या तीन कॅलिबरांकडे येते. लोक गोळीपासून सुरुवात करतात. मी मैदानापासून करते, मग परवाना, मग काडतुसं कुठून आणि किती मिळणार ते, आणि सगळ्यात शेवटी गोळी. हा क्रम उलटा केलेल्या महागड्या रायफली मी कपाटात तेल लावून ठेवलेल्या पाहिल्या आहेत. वर्षातून एकदा बाहेर निघतात, पुसल्या जातात, परत आत.

मैदान. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पुण्यात बालेवाडी आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे ही सगळी मंडळी मुंबईच्या याच रायफल परंपरेतली, आणि ती परंपरा दहा मीटर आणि पन्नास मीटरची आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं ते पन्नास मीटर प्रोनमध्ये. स्वप्नील कुसाळेचं पॅरिस २०२४चं कांस्य पन्नास मीटर थ्री पोझिशनमधलं (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून). महाराष्ट्राकडे शिकवणारे हात आहेत ते या अंतराचे, हे विसरू नका. तीनशे मीटरच्या राष्ट्रीय स्पर्धा महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटच्या रेंजवर झालेल्या आहेत. डोंबिवलीहून तिथे जायचं म्हणजे रात्रीची अवंतिका, मग इंदूर, मग पुढे महू. वर्षातून एक-दोनदा स्पर्धेसाठी ठीक आहे. सराव म्हणून कोण जाणार? आणि हजार यार्डांचं मैदान, जिथे तुमच्या-माझ्यासारखा साधा नागरिक शनिवारी सकाळी रायफल घेऊन जाऊन आडवा पडू शकेल, ते मुंबईच्या आसपास नाही. ६.५ क्रीडमोर घेऊन तुम्ही ती झोपवणार कुठे?

परवाना. आतापर्यंत तुम्हाला त्याची झळ लागलेली नाही, कारण ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. .२२पासून लागतो. तुम्ही डोंबिवलीत, म्हणजे तुमचा अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयात. दादर-परळचा मुलगा मुंबईच्या आयुक्तांकडे जाईल. अर्जासोबत असोसिएशनचं सदस्यत्व, स्पर्धांची प्रमाणपत्रं, प्रशिक्षणाचा दाखला हे सगळं नीट फाइल करून न्या. नेमबाज म्हणून अर्ज करणाऱ्याला आणि ‘संरक्षणासाठी हवंय’ म्हणणाऱ्याला वेगळं तोलतात, आणि ते बरोबरच आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने साध्या परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. नामांकित नेमबाजांना वेगळ्या सवलती आहेत, पण त्या गुणांनी मिळवाव्या लागतात. तेव्हा चुकीच्या कॅलिबरने एक जागा अडवून बसणं परवडत नाही.

आता .३०८चा काटा. ७.६२ मिमीचं लष्करी काडतूस आणि .३०८ विंचेस्टर बाहेरून जवळजवळ एकच. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत स्पष्ट आहे, की जी रायफल ७.६२ किंवा .३०३चं सैन्याचं काडतूस चेंबरमध्ये घेऊन झाडू शकते ती प्रतिबंधित वर्गात. म्हणजे तुमचा अर्ज ठाण्याच्या टेबलावर निकाली निघणारा राहत नाही, तो केंद्राकडे जाणारा विषय होतो. आपल्या देशात गावोगावी .३१५ दिसते ती याच कारणाने: .३०३ सरकारने सैन्यासाठी राखून ठेवली, म्हणून नागरिकांना वेगळ्या बोअरची दिली. .३०-०६ सर्वसाधारण वर्गात येते आणि इशापूरच्या सरकारी कारखान्याची मिळते, म्हणून कुणीतरी तुम्हाला ती सुचवेलच. नका घेऊ. १९०६ सालचं दणदणीत काडतूस आहे, शिकारीला उत्तम होतं, पण साठ गोळ्यांच्या मॅचमध्ये खांद्याचं भरीत होतं आणि स्पर्धेच्या दर्जाचं काडतूस हाताशी नसतं.

.३३८ लापुआबद्दल तर एकच वाक्य पुरे. तिची गोळी ८.६ मिलिमीटरची आहे, आणि आयएसएसएफच्या तीनशे मीटरला तसंच आंतरराष्ट्रीय एफ-क्लासच्या (रायफलला टेकू देऊन, दुर्बीण लावून लांब पल्ल्याला मारायचा प्रकार) ओपन गटालाही मर्यादा ८ मिलिमीटरची. जी रायफल या स्पर्धांच्या फायरिंग लाइनवर ठेवू देणार नाहीत ती घेऊन काय करायचं?

उरली ६.५ क्रीडमोर. काडतूस म्हणून ते खरंच चांगलं आहे, तिच्यावर राग नाही माझा. हॉर्नेडीने २००७ साली आणलं, ते मुळात टार्गेटसाठीच. लांब, निमुळती १४० ग्रेनची गोळी, १:८ ट्विस्ट (नळीतल्या आट्यांचा आठ इंचांत एक फेरा), माफक धक्का. हवेला कापत जाण्याची क्षमता, जिला आपण नुसतं ‘बीसी’ म्हणतो, ती .३०८च्या १७५ ग्रेनपेक्षा बरीच वरची. हजार यार्डांवर .३०८ला नेम सुमारे सदतीस मिनिटं वर चढवावा लागतो, ६.५ला तीसच्या आसपास. पण चढवण्यावर भाळू नका. गुरुत्वाकर्षण रोज तेवढंच असतं. अंतर माहीत असलेल्या मैदानावर एकदा साइटचे क्लिक मोजून ठेवले की विषय संपला. गोळी खाली किती येते यावरून कॅलिबर निवडणारा माणूस सोप्या प्रश्नाचं उत्तर पाठ करत असतो.

अवघड प्रश्न वाऱ्याचा, आणि तिथेच कॅलिबरचं खरं मोजमाप होतं. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा हजार यार्डांवर .३०८ची १७५ ग्रेनची गोळी सुमारे अडीच मीटर वाहून नेतो, ६.५ची १४० ग्रेनची सुमारे १.७ मीटर. फरक मोठा वाटतो. आता टार्गेट बघा. अमेरिकन एफ-क्लासच्या हजार यार्डांच्या टार्गेटवर टेन १० इंचांचा असतो आणि त्याच्या आत ५ इंचांचा एक्स. म्हणजे केंद्रापासून तुम्हाला १२-१३ सेंटिमीटरची मुभा. .३०८ घेतलीत तर वाऱ्याचा अंदाज ताशी एक किलोमीटरनेही चुकता कामा नये, कारण ०.८ किलोमीटरलाच गोळी टेनच्या काठावर जाते. ६.५ घेतलीत तर १.२ किलोमीटरपर्यंत चालतं. चांगल्या कॅलिबरने मिळालेली सगळी सूट ती एवढी! आणि जो माणूस आठ आणि अकरा किलोमीटरच्या वाऱ्यातला फरक ओळखू शकत नाही, त्याची गोळी दोन्ही कॅलिबरांत टेनच्या बाहेरच जाते, एकात जवळजवळ एक वीत, दुसऱ्यात दीड. नवशिक्याला कॅलिबर वाचवत नाही. ज्याला वारा येतो त्याला ते थोडं पुढे नेतं.

एक गोष्ट मात्र .३०८ घेणाऱ्यांनी परदेशातही लक्षात ठेवावी. गोळी आवाजाच्या वेगाच्या खाली उतरते तो पट्टा धोक्याचा. .३०८ची जुनी प्रसिद्ध १६८ ग्रेनची मॅच गोळी हजार यार्डांच्या आतच त्या पट्ट्यात शिरते आणि डगमगते. सहाशेवर सुरेख ग्रुप (गोळ्यांचा घट्ट पुंजका) देणारी रायफल हजारवर टार्गेटच्या कडा शोधायला लावते. म्हणून पाल्मा या लांब पल्ल्याच्या मॅचवाले १५५ ग्रेन वेगाने मारतात आणि बाकीचे १७५ किंवा त्याहून जड गोळीकडे जातात. इंग्लंडमधल्या बिस्लीच्या रेंजवर किंवा दुसरीकडे पाहुणे म्हणून गेलात तर क्लब देईल ते काडतूस घ्या, हा विचार त्यांनी आधीच केलेला असतो. फुलबोअर टार्गेट रायफल आणि एफ-टीआर (एफ-क्लासचाच दुसरा गट) हे लांब पल्ल्याचे दोन्ही प्रकार मुळात .३०८ आणि .२२३ याच दोन काडतुसांवर बांधलेले आहेत, त्यामुळे तिथे कॅलिबरची चर्चाच फार होत नाही. सगळ्यांकडे तेच, मग बोलायचं उरतं ते वाऱ्याबद्दल.

बॅरलचा हिशेब कुणी सांगत नाही तोही ऐका. .३०८ची बॅरल मॅचच्या दर्जाने चार-पाच हजार गोळ्या सहज देते. ६.५ क्रीडमोर दोन ते तीन हजार. तीच ६.५ मिमी गोळी मोठ्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) बसवलेली ६.५-२८४ हजार-बाराशेतच बॅरलचा घसा जाळून बसते. बोअर तोच, आयुष्य निम्म्याहून कमी, कारण अरुंद नळीतून जास्त दारूचा जाळ जातो. ६ मिमी बीआर इथेच मनात भरते. केस आखूड आणि जाड, दारू तीस ग्रेनच्या आसपास, .३३८च्या तिसरा हिस्सा. धक्का इतका कमी, की प्रोनमध्ये गोळी सुटल्यावरही नजर पीप साइटच्या बारीक भोकातून हलत नाही आणि पुढच्या गोळीला पोझिशन पुन्हा बांधावी लागत नाही. साठ गोळ्यांनंतर हा फरक गुणांत दिसतो. जगातले तीनशे मीटरवाले बहुतेक तिच्याकडेच वळले ते उगाच नाही. स्कँडिनेव्हियात अजूनही काही जण शंभर वर्षांहून जुनी ६.५×५५ मारतात, आणि छान मारतात. परदेशी नेमबाज काडतुसं घरी भरून रायफलला जुळवून घेतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे त्यांच्या व्हिडिओतली अर्धी जादू आपल्याला लागूच होत नाही. आपल्याला कारखान्यातून येईल तेच काडतूस, आणि तेही आयात, असोसिएशनच्या मार्गाने. सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यावर पेटणाऱ्या मोठ्या काडतुसाची रायफल, घेताना पहिला प्रश्न दुकानदाराला विचारू नका, असोसिएशनच्या सचिवांना विचारा: गेल्या वर्षी हे काडतूस कुणाला मिळालं होतं का, किती मिळालं?

आता पॉइंट टूटू. इथे जरा रमते, कारण तुमचं पुढचं सगळं इथे ठरणार आहे.

मॅचचं .२२ काडतूस मुद्दाम सावकाश बनवलेलं असतं. चाळीस ग्रेनची शिशाची गोळी, वेग सेकंदाला ३२६ मीटरच्या आसपास. मुंबईच्या बत्तीस अंशांच्या दुपारी आवाजाचा वेग सुमारे ३५० मीटर असतो. म्हणजे गोळी नळीतून निघते तीच आवाजाच्या मागे, आणि तो डगमगीचा पट्टा तिला ओलांडावाच लागत नाही. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेल्या डब्या जोरकस वाटतात, पण त्या वाटेतच हा पट्टा ओलांडतात आणि पन्नास मीटरवर ग्रुप फाकतो. टार्गेटसाठी त्या घेऊ नका.

दुसरं, या काडतुसात हात घालायला जागा नाही. स्फोटक मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये, फिरवून बसवलेलं, दारू चिमूटभर. मशीनवर एका दिवशी जे निघालं ते निघालं. म्हणून डबीवरचा लॉट नंबर (कुठल्या खेपेची ते) हा ब्रँडच्या नावाइतकाच महत्त्वाचा. एलीचं टेनेक्स, आरडब्ल्यूएसचं आर-५०, लापुआचं मिडास ही वरच्या दर्जाची नावं, पण टेनेक्सचा एक लॉट तुमच्या बॅरलमध्ये टेनच्या आत भोक पाडेल आणि दुसरा एट दाखवेल. मित्राच्या रायफलमध्ये नेमकं उलटं होईल. त्यामुळे लॉट टेस्टिंग. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवायची, पन्नास मीटरवर एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या, मधे बॅरलला नव्या लॉटच्या गोळीवरल्या ग्रीसची सवय व्हावी म्हणून काही गोळ्या वाया घालवायच्या, आणि कागद शेजारी शेजारी मांडायचे. पाच गोळ्यांवर निर्णय घेऊ नका. पाच गोळ्या कुठल्याही लॉटच्या गोड दिसतात. आणि सुंदर एक ग्रुप शोधू नका, सगळ्यात वाईट ग्रुप बघा. ज्या लॉटचा वाईट ग्रुपही टेनमध्ये मावतो तो लॉट, मिळतील तेवढ्या डब्या, लगेच उचलायचा. महिन्याभराने तो लॉट परत मिळेल या आशेवर राहू नका.

सरावाला सगळं महाग काडतूस जाळायची गरज नाही. पोझिशन, ट्रिगर, श्वास यासाठी खडकीच्या कारखान्याचं केएफ मिळालं तरी चालतं. फक्त त्यावर वारा शिकू नका, कारण गोळी वाऱ्याने गेली की काडतुसाने हे कळणार नाही.

वारा शिकायला मुंबई चांगली शाळा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी लवकर जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा असतो, झेंडे जेमतेम हलतात. अकरा-साडेअकराच्या सुमाराला ते लोंबकळतात, अगदी मेल्यासारखे. नवखा नेमबाज या वेळी खूश होऊन भराभर गोळ्या टाकतो. मग समुद्रावरून वारा आत येतो, दिशा पार उलटी, आणि त्याचा ग्रुप टार्गेटवर तिरका सरकतो. तिरका का, ते बघून ठेवा. आपल्या बॅरलचं रायफलिंग, म्हणजे आतल्या आट्या, उजवीकडे वळणारं असतं. डावीकडून वारा आला की गोळी उजवीकडे तर जातेच, पण थोडी खालीही बसते. उजवीकडून आला की डावीकडे आणि थोडी वर. घड्याळाच्या काट्यांत सांगायचं तर दहा ते चार अशी तिरपी रेघ. टार्गेटवर त्या रेघेवर भोकं दिसली तर दोष वारा न वाचण्याचा. सरळ वर-खाली किंवा दोन-आठच्या रेघेवर दिसली तर वाऱ्याला शिव्या देऊ नका, तुमचा श्वास, खांदा किंवा स्लिंग (रायफल हाताला आवळणारा पट्टा) तपासा. एवढी एक गोष्ट वाचता आली तरी कोचशिवाय बरंच सुधारता येतं.

आणि झेंडा एकटा पुरत नाही. पन्नास मीटरवर उन्हात तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत असते, ते मिराज बघा. लहरी सरळ वर उकळत असतील तर त्या क्षणी आडवा वारा नाही, किंवा तो बदलण्याच्या बेतात आहे, तेव्हा थांबा. लहरी एका बाजूला पळायला लागल्या की त्याच एका परिस्थितीत गोळ्या टाकायच्या, झिरो (साइटची मूळ जुळवणी) त्याच परिस्थितीवर बसवलेला असला पाहिजे. बाकीच्या वेळी रायफल खांद्याला ठेवून गप्प पडून राहायचं. प्रोनच्या मॅचमध्ये साठ गोळ्यांना पन्नास मिनिटं असतात. वेळ पुरतो. लोकांना थांबवत नाही, हा प्रश्न आहे.

तुमच्या स्कोपच्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. आयएसएसएफच्या रायफल प्रकारांत रायफलवर दुर्बीण चालत नाही, पीप साइटच लागते, आणि तुम्हाला एअर रायफलमुळे तिची सवय आहेच. ही मोठी जमेची बाजू आहे. स्कोपवर पैसे घालायचेच असतील तर स्टँडवर लावायची चांगली स्पॉटिंग स्कोप घ्या. तिने भोकं दिसतीलच, पण टार्गेटच्या थोडं अलीकडे फोकस ओढला की मिराज दिसतं, आणि तुम्हाला खरी गरज त्याची आहे. उरलेले पैसे लेदर जॅकेट आणि स्लिंगवर. एअर रायफलचं स्टँडिंगचं जॅकेट प्रोनला काखेत बोचतं, ते दोन आठवड्यांत कळेल.

रायफल स्वतःची लगेच घ्यायलाही हवी असं नाही. बहुतेक ठिकाणी क्लबाच्या जुन्या अँशुट्झ (जर्मन बनावटीच्या .२२) असतात. बट कुरूप, पॉलिश गेलेलं, बॅरल मात्र अजून ठणठणीत. .२२ची बॅरल हजारो गोळ्यांनी मरत नाही, मुंबईच्या दमट हवेत गंजाने मरते. पावसाळ्यात रायफल पेटीत बंद करून लोकलने घरी आणलीत तर आधी पेटी उघडा, पुसा, मग चहा प्या. एक पूर्ण हंगाम क्लबाच्या रायफलवर काढा, गुण बसू द्या, परवान्याची फाइल तोवर फिरत असेलच. राज्य आणि मावळंकर स्पर्धेतले गुण चढले की आयात, काडतुसांचा वाटा या गोष्टी आपोआप सोप्या होतात. (आपली राष्ट्रीय रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, स्पर्धेला नाव त्यांचं. मुळं रत्नागिरीकडची, म्हणून कोकणातल्या पोरांना सांगायला मला आवडतं.) तीनशे मीटर १९७२नंतर ऑलिंपिकमध्ये नाही, हेही आधीच माहीत असू द्या. तिकडे जाणारा माणूस हौसेने जातो, किंवा सैन्य-पोलिसांत असतो. दोन्ही कारणं चांगली आहेत, फक्त आपलं कोणतं ते ठाऊक असावं.

आता .३१५. इशापूरची असेल तर मजबूत असणार, पण ती पिकांत घुसणाऱ्या डुकरासाठी आणि शिकारीसाठी बनवलेली रायफल आहे: जड, बोथट नाकाची गोळी, उघडी साइट, कडक ट्रिगर. तिने शंभर मीटरवर जो ग्रुप येईल त्यातून लांब पल्ल्याचं काहीच शिकता येणार नाही, उलट धक्क्याला दचकून डोळा मिटायची सवय मात्र लागेल. ती सवय काढायला वर्ष जातं.

त्याहून मला तुमचा ‘पडून आहे’ हा शब्द खटकला. परवाना कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा हयात असतील, तर त्यांच्या परवान्यावर तुम्ही ती रायफल डोंबिवलीला किंवा रेंजवर आणू शकत नाही, मग भले ते हो म्हणोत. आजोबा गेले असतील आणि कुणी काही केलं नसेल, तर ती आज घरात बिनपरवाना पडलेली आहे, आणि ‘वडिलोपार्जित’ म्हणून कायदा डोळेझाक करत नाही. तुमच्या स्वतःच्या .२२च्या अर्जावर पोलीस चौकशी होईल तेव्हा हे प्रकरण आडवं येईल. या रविवारी गावी फोन करून परवान्याचं पुस्तक काढायला सांगा आणि मुदतीची तारीख बघा. संपली असेल किंवा नाव गेलेल्या माणसाचं असेल, तर घरातल्या मोठ्यांनी आधी तिथल्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगावं आणि रायफल तिथे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारस म्हणून परवाना हवा असेल तर अर्ज त्यानंतर करता येतो. नको असेल तर परवानाधारक विक्रेत्याला रीतसर विकता येते. पावतीची एक प्रत तुमच्या फाइलमध्ये लावा, आणि मग .२२चा अर्ज भरा.